मेंदूत राजा नसतो : ब्रिस्टल ते सांतियागो

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात यंत्राला विचार करता येईल का, हा प्रश्न प्रयोगशाळांतून गंभीरपणे विचारला जाऊ लागला. मुक्त समाजाला शासनाची गरज असते का, हा त्याहून कितीतरी जुना प्रश्न तेव्हाही राजकीय पत्रकांतून आणि सभांतून चर्चिला जात होताच. वरवर पाहता या दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही. तरीही १९४८ ते १९७३ या पंचवीस वर्षांत, आधी ब्रिटनमध्ये आणि मग चिलीमध्ये, काही माणसांनी ते एकाच प्रश्नाची दोन रूपे म्हणून हाताळले. सुव्यवस्था नांदायची तर आत कोणीतरी हुकूम सोडणारा बसलेला असावाच लागतो का, हा तो मूळ प्रश्न होता. मेंदूच्या अभ्यासकांनी त्याचे उत्तर नकारार्थी दिले, अराज्यवाद्यांनी ते उत्तर उचलून धरले, आणि पुढे एका निर्वाचित सरकारने ते आपल्या कारखान्यांवर लावून पाहिले. हुकूम सोडणारा नसला तरी ध्येय ठरवणारा कोण, ही बाब मात्र या सर्व प्रवासात पुन्हापुन्हा अनुत्तरित राहिली.

या विचाराचा उगम युद्धात होता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर हे विमानवेधी तोफांच्या नेमाचा प्रश्न सोडवीत होते. गोळा वर पोहोचेपर्यंत विमान पुढे सरकलेले असते आणि वैमानिकही जीव वाचवण्यासाठी ते वळवत असतो, त्यामुळे विमान पुढच्या क्षणी कोठे असेल याचा अंदाज बांधणारे आणि प्रत्येक चुकीवरून पुढचा अंदाज सुधारणारे यंत्र हवे होते. कृतीचा परिणाम मोजून ती माहिती पुन्हा कृती करणाऱ्याकडे वळवण्याच्या या रीतीला प्रत्याभरण किंवा फीडबॅक म्हणतात. वीनर, त्यांचे सहकारी जूलियन बिगेलो आणि मेक्सिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्तुरो रोझेनब्लूथ यांनी १९४३ मध्ये असे प्रतिपादन केले की, प्राण्याचे हेतुपूर्ण वर्तन आणि अशा यंत्राचे वर्तन यांची उपपत्ती एकाच तत्त्वाने लावता येते. आणि १९४८ मध्ये वीनर यांच्या ग्रंथाने या अभ्यासाला ‘सायबरनेटिक्स’ हे नाव दिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात डोमिनिक दुबार्ल या फ्रेंच धर्मगुरूंनी ‘ल माँद’ या दैनिकात या ग्रंथाचे परीक्षण करताना अशी शंका व्यक्त केली की, उद्या राज्यकारभारच चालवणारे यंत्र निघाले तर माणसाचे काय होईल. वीनर यांनी त्यावर दिलेले उत्तर आजही विचारात घेण्याजोगे आहे. यंत्र आपणहून सत्ता बळकावील ही भीती त्यांना गौण वाटत होती. मूठभर माणसे अशा यंत्राच्या साहाय्याने इतरांना ताब्यात ठेवतील, हा धोका त्यांना अधिक खरा वाटत होता.

ब्रिटनमध्ये हा विचार तोफांकडून नव्हे, तर रुग्णालयांकडून आला, आणि त्यामुळे त्याचा सूरही निराळा राहिला. ग्रे वॉल्टर हे ब्रिस्टल येथील बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये मेंदूतील विद्युत्‌लहरींचा आलेख काढून त्यावरून मेंदूतील गाठीची जागा शोधण्याचे काम करीत. त्यांनी १९४८-४९ च्या सुमारास कासवासारखी दिसणारी दोन लहान यंत्रे तयार केली आणि त्यांना एल्मर व एल्सी अशी नावे दिली. प्रत्येक कासवाला दोन मोटारी, प्रकाश ओळखणारा एक घट, धक्का जाणवणारे कवच आणि चेतापेशींच्या जागी केवळ दोन रेडिओ-व्हॉल्व्ह एवढाच संच होता. प्रकाशघट सुकाणूच्या दांड्यावर सतत फिरत राही. मध्यम प्रकाश दिसताच फिरणे थांबून कासव त्या दिशेने निघे, प्रकाश फार प्रखर झाला की ते बाजूला वळे, आणि वाटेत अडथळा लागला तर हिसके देत, दिशा बदलत त्यातून सुटका करून घेई. बॅटरी उतरू लागली की प्रखर दिव्याचा तिटकारा नाहीसा होई, त्यामुळे दिवा लावलेल्या आपल्या घरट्यात कासव आपणच शिरे आणि तेथे त्याची बॅटरी भरली जाई.

वॉल्टर यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी या खेळण्यातून एक तात्त्विक अडचण उभी केली. कासवाच्या पुढच्या बाजूस एक लहान दिवा होता, तो सुकाणूची मोटार चालू असताना पेटे आणि प्रकाश सापडताच विझे. अशा कासवापुढे आरसा ठेवला असता त्याला स्वतःचाच दिवा दिसे, दिसताच तो विझे, विझताच शोध पुन्हा सुरू होई आणि दिवा पुन्हा पेटे. परिणामी ते आरशासमोर लुकलुकत, थरथरत एक प्रकारचे नृत्य करू लागे. हेच वर्तन एखाद्या प्राण्यात आढळले असते तर त्याला स्वतःची काही जाणीव असल्याचा पुरावा म्हणून ते मान्य झाले असते, असे वॉल्टर यांचे म्हणणे होते. त्यांच्या या दाव्यात थोडी प्रदर्शनप्रियता होती हे नाकारता येत नाही; १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ या राष्ट्रीय प्रदर्शनात कासवे गर्दी खेचत होती, आणि वॉल्टर यांना गर्दी आवडत असे. परंतु मूळ मुद्दा खोटा ठरत नाही. त्या दोन व्हॉल्व्हपैकी कोणताही एक दुसऱ्याचा वरिष्ठ नव्हता, ‘घरी जा’ असा आदेश कोठेही लिहिलेला नव्हता, आणि तरीही कासव घरी जात होते.

ग्लॉस्टर येथील बार्नवुड हाउस या मनोरुग्णालयातील रॉस ॲश्बी हे स्वभावाने वॉल्टर यांच्या अगदी उलट, एकांतप्रिय आणि काटेकोर होते. त्यांनी १९४८ मध्ये ‘होमिओस्टॅट’ नावाचे यंत्र पूर्ण केले. त्यात विमानदलाच्या जुन्या सामानातून तयार केलेले चार संच होते. प्रत्येकावर पाण्याच्या पन्हळीत हलणारी सुई होती, आणि प्रत्येक संचाचा परिणाम उरलेल्या तिघांवर होत असे. एखादी सुई ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की त्या संचातील जोडणी यदृच्छेने बदले, आणि चारही सुया मध्यावर स्थिर होईपर्यंत हा बदल चालू राही. एकूण ३,९०,६२५ जोडण्या शक्य होत्या. तारा उलट्यासुलट्या केल्या तरी काही वेळाने यंत्र नव्याने समतोल साधून घेई. पुढे १९५६ मध्ये ॲश्बी यांनी पुरेशा वैविध्याचा नियम मांडला. परिस्थिती जितक्या प्रकारांनी बिघडू शकते, तितक्या प्रकारांनी प्रतिसाद देण्याची क्षमता नियंत्रकाकडे नसेल तर नियंत्रण साधत नाही, असे हा नियम सांगतो. मेंदूसाठी मांडलेल्या या नियमात राज्यशास्त्राला हादरा देण्याची ताकद होती, कारण लाखो माणसांच्या व्यवहारातील वैविध्य कोणत्याही मंत्रालयाच्या आवाक्याबाहेरचे असते, हा निष्कर्ष त्यातून सरळ निघत होता.

वॉल्टर, ॲश्बी आणि गणितज्ञ ॲलन ट्युरिंग हे तिघेही ‘रेशो क्लब’ या लंडनमधील अनौपचारिक चर्चामंडळात भेटत. ट्युरिंग यांनी १९५० मध्ये यंत्राच्या बुद्धीची कसोटी संभाषणावर नेली, आणि अमेरिकेत १९५६ च्या डार्टमथ येथील बैठकीनंतर ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या नावाने जो अभ्यास बहरला, त्याने बहुतांशी संगणकात लिहून दिलेल्या नियमांच्या मार्गानेच विचार यंत्रात आणायचे ठरवले. पैसा आणि प्रतिष्ठा त्या बाजूला गेली. ब्रिटिश कासवांचे राजकीय वारस मात्र अनपेक्षित ठिकाणी निघाले.

अराज्यवाद म्हणजे गोंधळाचा पुरस्कार, असा समज सर्वत्र रूढ असला तरी या विचारपरंपरेचे म्हणणे वेगळे आहे : माणसे परस्परसंमतीने व्यवस्था उभारू शकतात, आणि सक्तीच्या बळावर वरून चालणारे शासन त्या व्यवस्थेला पूरक नसून अडसर ठरते. प्योत्र क्रपॉटकिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यासाठी युरोपातील रेल्वेचा दाखला दिला होता. अनेक देशांतील अनेक कंपन्यांच्या गाड्या कोणत्याही मध्यवर्ती रेल्वे-सरकाराविना, केवळ करारांच्या आधारे एकमेकींच्या रुळांवरून धावत होत्या. लंडनमध्ये कॉलिन वॉर्ड हे मार्च १९६१ पासून ‘ॲनार्की’ हे मासिक संपादित करीत होते, आणि अशाच दाखल्यांच्या ते शोधात असत. मार्च १९६३ च्या अंकात त्यांनी ग्रे वॉल्टर यांचा सायबरनेटिक्सवरील लेख छापला. मेंदूचा शरीररचनाशास्त्रीय अभ्यास केला असता तेथे कोणी मालक किंवा हुकूमशहा सापडत नाही, सर्वाधिकारी ग्रंथी सापडत नाही. काम विभागलेले असते, एक भाग निकामी झाला तर दुसरा अनेकदा ते उचलतो, आणि सर्वांमध्ये माहिती मोकळेपणाने फिरते, असे सांगून वॉल्टर यांनी सूचित केले की, निसर्गाशी जुळणारी राज्यपद्धती शोधायचीच तर ती हुकूमशाहीपेक्षा मुक्त संघटनेच्याच जवळ जाईल.

या लेखाला एक कौटुंबिक संदर्भही होता. वॉल्टर यांचे पुत्र निकोलस हे ब्रिटनमधील अराज्यवादी चळवळीतले ठळक लेखक होते. पित्याचा लेख प्रसिद्ध झाल्यानंतर महिनाभरातच, एप्रिल १९६३ मध्ये, ‘स्पाइज फॉर पीस’ या गुप्त गटाने एक पत्रक वाटले. अणुयुद्ध झाल्यास ब्रिटनचा कारभार चालवण्यासाठी जमिनीखाली प्रादेशिक शासनकेंद्रे बांधून ठेवली आहेत, हे गुपित त्या पत्रकाने फोडले. त्यांपैकी एक केंद्र रेडिंगजवळ होते. निकोलस वॉल्टर हे त्या गटात होते, ही गोष्ट त्यांच्या मृत्यूनंतर उघड झाली. समाज शासनाविना टिकेल काय, असा वाद ज्यांच्याशी घातला जात होता, त्यांनी समाज उरला नाही तरी शासन टिकावे याची तजवीज आधीच करून ठेवली होती.

सप्टेंबर १९६३ च्या ‘ॲनार्की’मध्ये जॉन मॅक्युअन यांनी हा विचार अधिक कसून मांडला. ॲश्बी यांचा नियम त्यांनी सरकारला लावला : वरच्या टोकाला मोजकी माणसे आणि तळाला सारा समाज, अशा मनोऱ्यात वरच्यांकडे पुरेसे वैविध्य असूच शकत नाही, म्हणून ते एक तर समाजाचे वैविध्य छाटून टाकतात किंवा नियंत्रणाचा नुसता देखावा करतात. त्यांनी आणखी एक महत्त्वाचा भेद केला. काम करणे ही एक पातळी, आणि काम कसे करावे याविषयी ठरवणे ही तिच्या वरची पातळी; अशा पातळ्या कोणत्याही संघटनेत असणारच, परंतु वरच्या पातळीचे काम वेगळ्या, कायमच्या वरिष्ठ माणसांकडेच असले पाहिजे असे त्यातून सिद्ध होत नाही. हा युक्तिवाद बळकट आहे. त्यातील उणीव अशी की, होमिओस्टॅटच्या सुईने मध्यावरच यावे हे ॲश्बी यांनी ठरवले होते, आणि कासवाचे घरटे वॉल्टर यांनी बांधले होते. यंत्र स्वतःला सावरते, पण कशाभोवती सावरायचे हे त्याला बाहेरून मिळालेले असते. समाजाला असे बाहेरचे कोणी नसते, आणि राजकारण नेमके तेथेच सुरू होते.

मॅक्युअन यांनी ज्यांच्या ग्रंथांचा आधार घेतला होता, त्यांत स्टॅफर्ड बिअर हे एक होते. बिअर यांनी तरुणपणी भारतात ब्रिटिश लष्करात नोकरी केली होती, नंतर शेफिल्डच्या पोलाद उद्योगात व्यवस्थापनाचे गणित मांडले होते, आणि १९६० च्या दशकात ते नावाजलेले सल्लागार बनले होते. कोणत्याही टिकाऊ संघटनेत चेतासंस्थेप्रमाणे पाच स्तर असतात, अशी त्यांची मांडणी होती : प्रत्यक्ष काम करणारे गट, त्यांच्यातील ताणतणाव शमवणारी यंत्रणा, आतला ताळमेळ पाहणारी यंत्रणा, बाहेरचा व पुढचा अदमास घेणारी यंत्रणा आणि धोरण ठरवणारा पाचवा स्तर. खालच्या गटांना शक्य तितकी स्वायत्तता द्यावी आणि संपूर्ण संघटना एकसंध राहण्यापुरताच वरून हस्तक्षेप व्हावा, हा या मांडणीचा गाभा होता.

चिलीमध्ये साल्वादोर आयेंदे हे सप्टेंबर १९७० च्या निवडणुकीत सुमारे ३६ टक्के मतांनी पहिले आले आणि ३ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष झाले. समाजवाद आणायचा, पण संविधान आणि निवडणुका मोडायच्या नाहीत, अशी त्यांची प्रतिज्ञा होती. तांब्याच्या खाणींच्या राष्ट्रीयीकरणाला ११ जुलै १९७१ रोजी चिलीच्या संसदेने एकमताने संमती दिली. याच काळात बँका आणि कापड, पोलाद, अन्नप्रक्रिया अशा क्षेत्रांतील कारखाने सरकारकडे येऊ लागले. इतके कारखाने एकदम हाती आल्यावर ते चालवायचे कसे, हे सरकारी विकास महामंडळातील कोणालाच नीट उमगत नव्हते. सोव्हिएत पद्धतीचे केंद्रीय नियोजन नको होते, आणि बाजारावर सारे सोपवणेही शक्य नव्हते. त्या महामंडळातील फर्नांदो फ्लोरेस या अठ्ठावीस वर्षांच्या अभियंत्याने बिअर यांची पुस्तके वाचली होती. त्याने जुलै महिन्यातच त्यांना पत्र पाठवले, आणि नोव्हेंबरात बिअर सांतियागोला पोहोचले.

आयेंदे हे स्वतः डॉक्टर असल्यामुळे त्यांना चेतासंस्थेची उपमा समजावून सांगावी लागली नाही. बिअर यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, कागदावर एकेक स्तर काढीत ते पाचव्या स्तरापाशी आले आणि येथे आपण आहात असे राष्ट्राध्यक्षांना म्हणणार, इतक्यात आयेंदे यांनी तो स्तर म्हणजे जनता होय, असा उद्गार काढला. ही हकिकत भाबडेपणाने वाचण्याचे कारण नाही; जनतेने पाचव्या स्तरावर बसायचे तर कोणत्या दाराने आत यायचे, याची सोय आराखड्यात नव्हती. तरीही ध्येय ठरवणाऱ्याचा प्रश्न इतक्या स्पष्टपणे या इतिहासात प्रथमच उच्चारला गेला, आणि तो शास्त्रज्ञाने नव्हे, तर राजकारण्याने उच्चारला.

‘सायबरसिन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या प्रकल्पाचे तंत्र पाहिले तर आश्चर्य वाटते ते त्याच्या साधेपणाचे. देशात संगणक मोजकेच होते आणि प्रकल्पाच्या वाट्याला त्यांतील एखादाच येणार होता. पण आधीच्या सरकारने घेऊन ठेवलेली सुमारे ४०० टेलेक्स यंत्रे वापराविना पडून होती. टेलेक्स म्हणजे तारेवरून टंकलिखित संदेश पाठवणारे यंत्र. कारखान्यांनी कच्चा माल, उत्पादन, कामगारांची गैरहजेरी असे निवडक आकडे रोज टेलेक्सने कळवायचे, सांतियागोतील संगणकाने ते नेहमीच्या पातळीशी ताडून पाहायचे, आणि काही बिघडण्याची चिन्हे दिसली तर प्रथम त्या कारखान्यालाच इशारा द्यायचा. ठरावीक मुदतीत दुरुस्ती झाली नाही तरच बातमी वरच्या पातळीवर जाई. ही मुदत म्हणजेच स्वायत्तता, असा बिअर यांचा आग्रह होता.

जर्मन आरेखक गी बोनझीपे यांच्या चमूने रचलेले नियंत्रणदालन जगभर गाजले. षट्कोनी खोली, सात पांढऱ्या फिरत्या खुर्च्या, हातांवर मोठी बटणे, भिंतींवर पडदे. मधे टेबल नव्हते, कारण टेबल आले की कागद येतात. छायाचित्रांत हे सारे भविष्यातून आल्यासारखे दिसते, पण पडद्यावरील आलेख तरुण स्त्री-आरेखक हाताने काढीत असत आणि त्यांच्या पारदर्शिका प्रक्षेपकांनी भिंतीवर टाकल्या जात. प्रकल्पातील दुसरी विसंगती अधिक गंभीर होती. कारखान्याचे प्रतिमान बनवण्यासाठी गेलेले अभियंते बहुधा व्यवस्थापकांशी बोलून परत येत, आणि कामगारांचा सहभाग कागदावरच राही, असे प्रकल्पाचा इतिहास लिहिणाऱ्या ईडन मेदिना यांनी दाखवून दिले आहे.

प्रकल्पाची खरी परीक्षा ऑक्टोबर १९७२ मध्ये झाली. सरकारी वाहतूक कंपनी काढण्याच्या बेताने बिथरलेल्या ट्रकमालकांनी संप पुकारला. दुकानदार, डॉक्टर, वकील त्यांना येऊन मिळाले. चिलीसारख्या लांबट, चिंचोळ्या देशात ट्रक थांबले म्हणजे अन्न आणि इंधन थांबते. विरोधकांना अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेकडून पैसा पोहोचत होता, हे पुढे १९७५ मध्ये अमेरिकी सिनेटच्या चौकशीत उघड झाले. सरकारने टेलेक्सचे जाळे रात्रंदिवस चालू ठेवले. कोणता रस्ता मोकळा आहे, कोठे किती माल पडून आहे, चालू असलेले ट्रक कोठे आहेत, असे रोज सुमारे २,००० संदेश फिरू लागले, आणि त्या आधारे थोड्या ट्रकांवर आवश्यक पुरवठा कसाबसा भागवला गेला.

तथापि संपकाळात केवळ टेलेक्सने देश तगला असे म्हणणे अन्यायाचे होईल. सांतियागोच्या सेरिल्योस, विकुन्या माकेन्ना अशा औद्योगिक पट्ट्यांत शेजारशेजारच्या कारखान्यांतील कामगारांनी ‘कोर्दोन’ म्हणजे साखळ्या उभारल्या होत्या. मालकांनी टाळे लावलेले कारखाने त्यांनी उघडले, कच्चा माल आपसांत वाटून घेतला, वस्त्यांमधील पुरवठा समित्यांच्या मदतीने माल थेट घरोघर पोहोचवला. हे काम कोणाच्या आदेशावरून झाले नव्हते. मॅक्युअन यांनी नऊ वर्षांपूर्वी कागदावर मांडलेली संघटना येथे कोणताही संगणक नसताना उभी राहिली होती, आणि सरकारला तिचा आधारही वाटत होता व धाकही. नोव्हेंबरच्या सुरुवातीस लष्करप्रमुख प्रात्स यांना गृहमंत्री नेमून संप मिटवण्यात आला. जानेवारी १९७३ मध्ये कामगारांनी ताब्यात घेतलेल्या कारखान्यांपैकी काही मालकांना परत देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले ते हेच कोर्दोन होते. ध्येय कोण ठरवणार या वादात पाचवा स्तर शासनाचेच ऐकेल अशी खात्री राहिली नव्हती.

याच जानेवारीत ‘ऑब्झर्व्हर’ या ब्रिटिश साप्ताहिकाने चिली संगणकाने चालवला जात असल्याचे वृत्त छापले आणि हुकूमशाही यंत्राची धास्ती पसरली. बिअर यांनी फेब्रुवारीत ब्राइटन येथे व्याख्यान देऊन, आपण स्वातंत्र्याचेच साधन घडवीत आहोत, असा बचाव केला. तो प्रामाणिक होता, परंतु वीनर यांनी दोन दशकांपूर्वीच सांगितलेला धोका त्याने दूर होत नव्हता : तेच जाळे दुसऱ्या कोणाच्या हाती गेले तर कारखान्याला दिलेली मुदत एका आदेशाने शून्यावर आणता आली असती.

जाळे दुसऱ्यांच्या हाती गेले, पण त्यांना त्याचा उपयोग नव्हता. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने उठाव केला, राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर बॉम्ब टाकले, आणि आयेंदे तेथेच मरण पावले. नियंत्रणदालन मोडून टाकण्यात आले. कोर्दोनमधील कारखान्यांवर सैनिक चालून गेले. जनरल पिनोचेत यांच्या राजवटीने बहुतेक उद्योग पुन्हा खासगी मालकांना दिले आणि अर्थव्यवस्था शिकागो विद्यापीठात शिकलेल्या अर्थशास्त्रज्ञांच्या हवाली केली. या राजवटीला भेट देऊन गेलेल्यांत अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिश हायेक हेही होते. समाजातील ज्ञान विखुरलेले असते, ते कोणत्याही केंद्राला गोळा करता येत नाही, म्हणून सुव्यवस्था हुकमाविना घडू द्यावी, हा सिद्धान्त त्यांनी १९४५ मध्येच मांडला होता आणि तो ॲश्बी यांच्या नियमाशी जुळणारा होता. त्याच हायेक यांनी १९८१ मध्ये चिलीतील एका दैनिकाला सांगितले की, उदारमत नसलेल्या लोकशाहीपेक्षा उदारमतवादी हुकूमशहा त्यांना पसंत आहे. आपोआप घडणाऱ्या सुव्यवस्थेच्या सिद्धान्तालाही बंदुकीचा पहारा चालतो, याचा याहून ठसठशीत दाखला शोधून सापडणार नाही.

कॉलिन वॉर्ड यांचे ‘ॲनार्की इन ॲक्शन’ हे पुस्तक त्याच १९७३ साली निघाले. त्यात वॉल्टर आणि मॅक्युअन यांचे युक्तिवाद आहेत, पण पुढच्या काळात वॉर्ड यंत्रांपेक्षा मुलांची मैदाने, भाजीचे मळे आणि भाडेकरूंच्या संस्था यांवरच अधिक लिहीत राहिले. फ्लोरेस यांना तीन वर्षे तुरुंगात काढावी लागली. १९७६ मध्ये सुटका झाल्यावर ते कॅलिफोर्नियात गेले, आणि तेथे टेरी विनोग्राड या संगणकशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी १९८६ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. विनोग्राड हे संगणकाला भाषा समजावण्याच्या कार्यक्रमातील अग्रणी होते. चिलीचे जीवशास्त्रज्ञ उंबेर्तो मातुराना यांच्या विचारांचा आधार घेऊन या दोघांनी असे मांडले की, यंत्र दिलेल्या चिन्हांची जुळवाजुळव करते, समजून घेत नाही. संघटना चालते ती माणसे एकमेकांना जी वचने देतात आणि जी पाळतात त्यांवर. या विचारातून फ्लोरेस यांनी ‘कोऑर्डिनेटर’ ही संगणकप्रणाली बाजारात आणली. तिच्यात प्रत्येक संदेश विनंती आहे, वचन आहे की नकार, हे पाठवणाऱ्याने आधी जाहीर करावे लागे. कर्मचाऱ्यांना ती जाचक वाटू लागली, आणि पुढे मानववंशशास्त्रज्ञ लूसी सचमन यांनी आक्षेप घेतला की, बोलण्याचे हे कप्पे वरच्यांनी पाडलेले असून ते खालच्यांना शिस्त लावण्याचे हत्यार बनतात. विनोग्राड यांनी १९९४ मध्ये उत्तर दिले की, समोरासमोर न भेटणाऱ्या हजारो माणसांना एकत्र काम करायचे तर काही ठरीव रचना मान्य करावीच लागते. ती रचना कोणी आणि कोणत्या अधिकाराने ठरवावी, यावर सचमन आणि विनोग्राड यांचे एकमत झाले नाही.